चार वाजताची भूक

दुपारचे चार वाजले, की जबलपूरच्या कचेऱ्यांमधून हमखास हाक येते, ‘चला, चहा घेऊन येऊ!’ १९०४ पासूनची गन कॅरेज फॅक्टरी असो, उच्च न्यायालय असो वा २००३ साली सुरू झालेले पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय. चहामागोमाग समोसा येतो. कुणाची बढती झाली, की शहराची प्रसिद्ध खव्याची जिलेबीही!

आग्रह मोडणे अवघडच. पण जरा हिशेब मांडा. दोन-दोन चमचे साखर घातलेले चार कप चहा म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा दिवसाला साधारण ५० ग्रॅम, आणि जमल्यास २५. जिलेबीचा पाक वेगळाच! घरात आई-वडिलांना मधुमेह असेल, तर हा हिशेब टाळून चालणार नाही.

मनाला दटावण्यापेक्षा डब्याकडे लक्ष द्या. सकाळी नुसत्या चहावर निघालेल्याला चार वाजता समोसाच दिसणार. पोळी-भाजीसोबत उसळ किंवा दही असले, तर पोटाला आधार राहतो. शिवाय एक छोटी डबी वेगळी ठेवा. तिच्यात फुटाणे, पेरू. थंडीत वाफवलेले मटार, उकडलेले शिंगाडे. जबलपूरच्या बाजारात या दोन्हींची रेलचेल असते. चहातली साखर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. जीभ कुरकुरते, पण रुळते.

आणि जिलेबी? ती रविवारी घरी आणावी, सर्वांनी मिळून एकेकच खावी. गोडी तशीही वाटून घेण्यातच असते!