भरीत हवे, खळ नको

उकडलेला बटाटा मिक्सरच्या भांड्यात घालून अर्धा मिनिट फिरवला की त्याची खळ होते. पतंगाचा कागद चिकटवायला किंवा सुती साडी कडक करायला चालावी अशी, चमचा उचलला की ताणली जाणारी आणि टाळूला चिकटून बसणारी. मग तिच्यात लोणी घाला, साय घाला, वरून लसणाची फोडणी द्या, ती काही केल्या सुधारत नाही. कंदमुळांच्या भरताची चर्चा आपल्याकडे होते ती बहुधा फोडणीची आणि मसाल्याची. पण भरीत बिघडते ते त्याच्या कितीतरी आधी, मुरलेल्या पाण्यामुळे आणि चुकीच्या घोटण्यामुळे. ते न बिघडवण्याची रीत मराठी घरात केव्हाचीच आहे, फक्त ती आपण वर्षातून एकदोनदा, पुरण करतानाच वापरतो.

बटाट्याचा गर म्हणजे पेक्टिन नावाच्या द्रव्याने एकमेकींना चिकटलेल्या असंख्य बारीक पेशी. बटाटा तापून साधारण 60 ते 70 अंश सेल्सिअसला पोचला की पेशींच्या आतले स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात. उष्णता आणखी वाढली की मधले पेक्टिन विरघळते आणि पेशी सुट्या होऊ लागतात. चांगल्या भरताचे सगळे मर्म इथे आहे: पेशी सुट्या व्हाव्यात, पण फुटू नयेत. मिक्सरचे पाते त्यांना चिरते, आतला फुगलेला स्टार्च बाहेर सांडतो आणि त्याचा चिकटा तयार होतो. पावभाजीचा मॅशर, पुरणयंत्र किंवा चाळणीवर वाटीच्या बुडाने दाबणे यांत गर दाबला जातो, चिरला जात नाही. एवढ्याशा फरकाने तोच बटाटा हलका आणि रवाळ उतरतो. गर गरम असतानाच गाळावा, कारण निवताना स्टार्च आवळतो, मग जास्त जोर लावावा लागतो आणि गुठळ्याही राहतात. वड्यासाठी तर बटाटे निववून कुस्करतात, असे कोणी म्हणेल. ते बरोबरच आहे. वड्याच्या सारणाला आकार धरायचा असतो, त्यात चार फोडी राहिल्या तर उलट बरे. मऊसूत भरताची गरज वेगळी आहे.

आता पाणी. बटाट्यात मुळातच सुमारे 80 टक्के पाणी असते. सोलून, चिरून उकळत्या पाण्यात टाकला तर तो आणखी पाणी घेतो आणि चव त्या पाण्यात सोडतो. म्हणून बटाटे सालासकट, अख्खे, सारख्या आकाराचे निवडून शिजवावेत. पुरणाची डाळ शिजली की आपण कट काढतो, गूळ घालून ते पळी उभी राहीपर्यंत आटवतो आणि गरम असतानाच यंत्रातून काढतो. हाच क्रम बटाट्याला थोडा फिरवून लावायचा: गरम सोलायचे, यंत्रातून काढायचे, मग गर कोरड्या जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर दोन-चार मिनिटे परतायचा. वाफ कमी झाली आणि बुडाला पातळ पापुद्रा धरू लागला की तो तयार. त्यानंतर आधी लोणी किंवा तूप आणि शेवटी गरम दूध, थोडे थोडे. फ्रान्सचे नामवंत बल्लव जोएल रोब्युशाँ यांची कीर्ती ज्या पदार्थांवर उभी राहिली, त्यांत बटाट्याचे असेच घोटीव होते. सालासकट उकडणे, हाताने फिरवायच्या यंत्रातून काढणे, भांड्यात कोरडे करणे, मग थंड लोणी आणि शेवटी गरम दूध, असा त्यांचा क्रम. त्यांच्या छापील कृतीत 1 किलो बटाट्याला 250 ग्रॅम लोणी आहे. घरी इतके घालायची मुळीच गरज नाही, क्रम तेवढा पाळावा. त्यांचे ते यंत्र आणि आपले पुरणयंत्र ही जवळजवळ एकच वस्तू आहे.

बटाटाही पारखून घ्यावा. नवा, पातळ सालीचा बटाटा ओलसर आणि घट्ट राहतो, रश्श्यात तो छान लागतो. भरताला पिठूळ हवा. शंका असेल तर 11 वाट्या पाण्यात 1 वाटी मीठ विरघळवून त्यात बटाटा सोडावा: पिठूळ असेल तो बुडतो, ओलसर असेल तो तरंगतो.

बाकीच्या कंदमुळांचे स्वभाव निराळे आहेत. रताळ्यात स्टार्चची साखर करणारे एक विकर असते आणि ते साधारण 60 ते 75 अंशांच्या टप्प्यात जोमाने काम करते. रताळे सावकाश तापले तर त्या विकराला वेळ मिळतो. म्हणून चुलीच्या आरात किंवा ओव्हनमध्ये तासभर भाजलेले रताळे साल फोडून पाकाचे थेंब बाहेर टाकते, आणि मायक्रोवेव्हमध्ये झटपट केलेले फिके लागते. उपवासाच्या भरताला भाजलेले रताळे घ्या, दाण्याचे कूट आणि दही बेतानेच लागेल. गाजर आणि बीट यांत स्टार्च नावापुरता, पाणी मात्र 85 टक्क्यांच्या वर. ती भाजून आटवली नाहीत तर ताटात पाणी सुटते, आणि घट्टपणासाठी एखादा बटाटा सोबत लागतो. सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे कण असतात, घसा खवखवतो तो त्यांनी. त्यामुळे सुरण चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यात शिजवणे योग्यच. बटाट्याला मात्र आंबट शेवटी घालावे, कारण आंबटात पेक्टिन लवकर विरघळत नाही आणि फोडी टणक राहतात.

एवढा खटाटोप रोजच्या स्वयंपाकात कोण करणार, हा आक्षेप खरा आहे. भाजण्यात वेळ आणि गॅस दोन्ही जातात. त्यावर कुकर हे चांगले उत्तर आहे, फक्त बटाटे पाण्यात बुडवू नयेत. तळाशी पाणी, वर जाळी किंवा कोरडा डबा आणि त्यात बटाटे, म्हणजे ते वाफेवर शिजतात. मिक्सरही सरसकट वर्ज्य नाही. गाजर-बीट त्यात खुशाल फिरवा, त्यांच्यात खळ व्हायला स्टार्चच नाही. आणि मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पोटॅशियम कमी करायला सांगितले आहे, त्यांनी बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकणेच हिताचे. इथे चवीपेक्षा डॉक्टरांचा शब्द मोठा. पण बाकीच्यांनी पाण्यात उकडून का खावे? सोललेल्या फोडींतून तेच पोटॅशियम आणि क जीवनसत्त्व पाण्याबरोबर मोरीत जाते.

यंदा होळी झाली की पुरणयंत्र धुऊन पुसून माळ्यावर टाकू नका, ओट्याखालीच ठेवा, आणि येत्या रविवारी त्यातून चार बटाटे गरम गरम काढून बघा.