घराचा नकाशा मंजूर झाला, पण पावसाचे पाणी कुठे जाणार?

आपल्यातला नोकरदार माणूस आयुष्यात एकदाच घर घेतो. भविष्यनिर्वाह निधीतले पैसे, पतपेढीचे कर्ज, घरातल्या बाईच्या अंगावरचे चार दागिने, असे सगळे गोळा होते तेव्हा कुठे शहराच्या कडेला गुंठाभर जागा, नाहीतर तळमजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट हाती लागतो. तळमजलाच का, तर तो जरा स्वस्त पडतो आणि म्हाताऱ्या आईला जिने चढायला नकोत. खरेदीच्या वेळी आपण सातबारा पाहतो, वकिलाकडून कागद तपासून घेतो, नळाला पाणी किती वेळ असते ते शेजाऱ्यांना विचारतो. पाणी येते कुठून याची चौकशी सगळे करतात. पडलेले पाणी जाते कुठे, असे विचारणारा घरधनी मात्र आम्हाला क्वचितच भेटला. मग पहिल्याच मोठ्या पावसात मुलांची दप्तरे पलंगावर, धान्याचे डबे माळ्यावर आणि घरची बाई रात्रभर ताटलीने पाणी उपसते आहे, असे चित्र दिसते.

हिशेब अगदी साधा आहे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. एवढ्या जागेवर एक इंच पाऊस पडला तर अडीच हजार लिटरहून जास्त पाणी जमा होते, म्हणजे घरातली दोनशे लिटरची तेरा पिंपे भरतील एवढे. जागा मोकळी होती तेव्हा त्यातले बरेचसे मातीत मुरत होते, उरलेले गवतातून सावकाश ओढ्याकडे जात होते. त्याच गुंठ्यावर छत पडले, अंगणात फरशी आली, की सगळी तेरा पिंपे एकदम रस्त्यावर ओतली जातात. शेजारच्या पन्नास घरांची पिंपेही त्याच वेळी तिथेच रिकामी होत असतात.

मुंबईची जुनी पावसाळी गटारे बांधली गेली ती ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या अंदाजाने. त्यातही निम्मे पाणी जमिनीत मुरेल असे धरले होते. १९८५ साली शहरात पाणी तुंबले, त्यानंतर अभ्यास झाला आणि १९९३ मध्ये ‘ब्रिमस्टोवॅड’ नावाचा अहवाल आला. ताशी ५० मिलिमीटर धरा आणि काहीच मुरत नाही असे समजा, हा त्याचा सांगावा होता. अहवाल फाईलीत राहिला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा सगळ्यांना त्याची आठवण झाली. एवढा पाऊस कोणत्याच गटारात मावला नसता, हे खरे. पण दरवर्षी गुडघाभर पाणी साचते ते काही २६ जुलैच्या पावसाने साचत नाही.

आता परवान्याकडे वळू. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ प्रमाणे कोणतेही बांधकाम परवानगीखेरीज करता येत नाही. मुंबईसाठी वेगळी विकास नियंत्रण नियमावली आहे. राज्याच्या बहुतेक उरलेल्या भागाला डिसेंबर २०२० पासून एकच एकत्रित नियमावली लागू आहे. तिच्यात नदीकाठासाठी दोन रेषा सांगितल्या आहेत. सरासरी पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. नदी आणि निळ्या रेषेच्या मध्ये नवे घर बांधता येत नाही. तिथे बाग, वाहनतळ, मोकळा बाजार चालतो. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये घर बांधता येते, पण जोते लाल रेषेच्या पातळीहून ४५ सेंटिमीटर वर हवे. जागा विकणारा एजंट ‘नदी दिसते, हवा छान आहे’ असे म्हणू लागला की ही दोन रंगांची गोष्ट आठवावी आणि विकास आराखड्याचा भाग-नकाशा मागून घ्यावा.

मुंबईत आणखी एक जुनी अट आहे. बांधकामाच्या पहिल्या मंजुरीपत्रात ती छापील असायची आणि बांधकाम क्षेत्रातल्या माणसांना ती तोंडपाठ आहे. सखल भूखंड मुरूम, माती, दगड घालून ९२ टी.एच.डी. या पातळीपर्यंत किंवा शेजारच्या रस्त्याहून सहा इंच वर, यांतले जे जास्त असेल तिथपर्यंत भरावा, धुमसावा आणि रस्त्याकडे उतार द्यावा. टी.एच.डी. म्हणजे टाऊन हॉलशी जोडलेले उंची मोजण्याचे जुने माप. नियम शहाणपणाचा आहे. नव्या इमारतीत पाणी शिरू नये म्हणूनच तो केला आहे.

पण शेजारी जुनी चाळ असेल तर? आमचे सगळे म्हणणे या प्रश्नापाशी येऊन थांबते. नवा भूखंड उंच झाला, त्याला कंपाउंडची भिंत आली, रस्ता दर डांबरीकरणाला चार बोटे वर चढला आणि मधली बैठी चाळ जिथे होती तिथेच राहिली. कालपर्यंत ज्या मोकळ्या जागेतून चाळीचे पाणी निघून जात होते तिथे आज भिंत आहे. कागदावर कोणीच नियम मोडलेला नाही. बिल्डरने भराव घातला तो अटीप्रमाणे, महापालिकेने रस्ता केला तो अंदाजपत्रकाप्रमाणे. खड्डा मात्र चाळीच्या वाट्याला आला. आपल्या कितीतरी वस्त्या मुळातच नाल्याच्या कडेला, शहराने टाकून दिलेल्या सखल जागेवर वसल्या. उरलेले शहर उंच होत गेले तसतशा त्या आणखी खाली गेल्या. परवाना देणारा अभियंता भूखंडाच्या चार सीमांच्या आतला नकाशा पाहतो. सीमेपलीकडच्या घराच्या उंबऱ्याची पातळीही त्या नकाशावर दाखवणे सक्तीचे करावे, एवढी एक सुधारणा झाली तरी पुष्कळ भांडणे मिटतील, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कायदा याबाबतीत अगदीच मुका नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात वरच्या जमिनीवर पडलेले पाणी खालच्या जमिनीवर नैसर्गिकपणे वाहू देण्याचा हक्क वरच्या मालकाला दिलेला आहे. हे वाचून बिल्डरचा माणूस छाती फुगवतो. त्याला ‘नैसर्गिकपणे’ हा शब्द बोट ठेवून दाखवावा. दहा फुटांचा भराव आणि पाईपातून सोडलेली धार हे निसर्गाचे काम नव्हे.

नाल्याची वाट अडवली तर काय होते ते पुण्याने पाहिले आहे. कात्रजकडून येणारा आंबील ओढा सहकारनगर, दांडेकर पूल करीत मुठेला मिळतो. पेशव्यांच्या काळात त्याचे पात्र वळवले गेले आणि अलीकडच्या काळात दोन्ही काठांनी इमारती, भिंती, वस्त्या दाटल्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पाऊस झाला तेव्हा ओढा भिंती पाडत घरांत शिरला. शहर आणि परिसरात मिळून वीसहून अधिक माणसे दगावली. त्याच वर्षी २९ जूनला कोंढव्यात एका गृहसंकुलाची भिंत पावसात शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून पंधरा जण मेले, त्यांत लहान मुलेही होती. मरणारे सगळे बाहेरून पोट भरायला आलेले. पुढे जून २०२१ मध्ये ओढ्याकाठच्या वसाहतीतली घरे पाडायला यंत्रणा आली, ती मात्र ऐन पावसाळ्यात. न्यायालयाने ती कारवाई तेव्हा थांबवली. ओढा मोकळा हवा, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण मोकळा करायची वेळ आली की आधी पत्र्याचे घर का दिसते आणि पात्रात सरकलेली पक्की भिंत का दिसत नाही, हे विचारायलाच हवे.

स्वतःचे छोटे घर बांधणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. नव्या नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला सवलत आहे. कागदपत्रे आणि नकाशा द्यायचा, शुल्क भरायचे, त्या पावतीलाच परवानगी समजायचे. हेलपाटे वाचले, चिरीमिरी वाचली, हे चांगलेच झाले. पण त्याचबरोबर जागेवर येऊन ‘अहो, तुमच्या मागून ओढा जातो’ असे सांगणारा अधिकारीही गेला. आता ते पाहण्याचे काम आपले. गुंठेवारीतल्या प्लॉटवाल्यांचेही तेच. २००१ चा गुंठेवारी कायदा २०२१ मध्ये दुरुस्त झाला आणि २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांना नियमित होण्याचा मार्ग मिळाला. घर नियमित होते, त्याने जमिनीचा उतार बदलत नाही.

आणखी एक घरगुती पण घाणेरडी भानगड आहे. जोराचा पाऊस आला की तळमजल्याच्या मोरीतून, संडासातून पाणी उलटे वर येते. बायका म्हणतात, चेंबर तुंबला. पुष्कळदा गच्चीवरून उतरणारा पावसाचा पाईप कंत्राटदाराने पैसे वाचवायला मैल्याच्या चेंबरमध्येच सोडलेला असतो. मैल्याची वाहिनी वेगळी, पावसाचे गटार वेगळे, हा नियम आहे. दोन्ही एक झाली की वरच्या पाच मजल्यांची घाण तळमजल्याच्या स्वयंपाकघरात येते आणि मागोमाग कावीळ, विषमज्वर घरात येतो. खात्री करायची असेल तर कोरड्या दिवशी गच्चीच्या पाईपात बादलीभर रंगीत पाणी ओतावे आणि चेंबरचे झाकण उघडून पाहावे. (होळीचा रंग चालतो.)

भूखंड ५०० चौरस मीटर किंवा मोठा असेल तर पावसाचे पाणी साठवण्याची किंवा जिरवण्याची सोय सक्तीची आहे. ती ठेवली नाही तर बांधकामाच्या दर १०० चौरस मीटरमागे वर्षाला १,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आमच्या पाहण्यात आलेल्या बहुतेक सोसायट्यांत हा जिरवणखड्डा नकाशात आहे. प्रत्यक्षात त्यावर सेक्रेटरीची स्कूटर उभी असते.

फ्लॅट घेणाऱ्यांना २०१६ च्या रेरा कायद्याचा आधार आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा सेवासुविधांतला दोष लेखी कळवला तर बिल्डरने तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. पावसाचे पाणी बाहेर न जाणे हा तसा दोष म्हणून मांडता येतो. पण तक्रार लेखी हवी. जिन्यात उभे राहून केलेली आरडाओरड पुराव्यात धरत नाहीत. पाणी भरले की तारीख टाकून फोटो काढावेत, भिंतीवर पाणी चढले तिथे पेन्सिलीने रेघ मारावी.

आणि ज्या चाळीच्या शेजारी नवे काम निघाले आहे, तिथल्या मंडळींनी पाया खणायला सुरुवात होताच हालचाल करावी. जोते वर आल्यावर फार उशीर झालेला असतो. माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मंजूर नकाशा, पावसाळी गटाराचा आराखडा आणि जमिनीच्या पातळ्या मागता येतात, उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. अर्ज मार्चमध्ये टाकला तर एप्रिलमध्ये कागद हातात येतो. मुंबईत नालेसफाईची मुदत ३१ मेपर्यंत धरलेली असते, तोवर वॉर्ड ऑफिसात जाऊन बोलायला महिना मिळतो. अर्जावर एकट्याने सही करू नये. चाळीतल्या प्रत्येक खोलीतून एक सही घ्यावी, शक्यतो घरातल्या बाईची, कारण पाणी किती वाजता आणि कोणत्या कोपऱ्यातून शिरते ते तिला नेमके ठाऊक असते.