भूमीचा अंत, जगाचे शीर

फ्रान्सचा नकाशा समोर धरला, की वायव्येला अटलांटिक महासागरात सोंडेसारखा पुढे घुसलेला एक भूभाग दिसतो. हे ब्रिटनीचे द्वीपकल्प. त्याच्या उत्तरेला इंग्लिश खाडी, दक्षिणेला बिस्केचा उपसागर. अगदी पश्चिमेच्या जिल्ह्याला फ्रेंच लोक 'फिनिस्तेर' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दांचा अर्थ 'भूमीचा अंत'. त्याच जिल्ह्याचे तेथील ब्रेतॉन भाषेतले नाव 'पेन-आर-बेद' असे आहे. 'बेद' म्हणजे जग आणि 'पेन' म्हणजे डोके. 'पेन'चा अर्थ टोक असाही होतो, हे खरे. पण आपला मुलूख जगाचे शीर आहे असे कोणाला वाटले, तर त्यात नवल ते काय!

या भूमीची हाडे ग्रॅनाइटची आहेत. तीस कोटी वर्षांपूर्वी येथे मोठे पर्वत होते. ऊन, पाऊस आणि वारा यांनी ते झिजवले. आज सर्वांत उंच ठिकाणही अवघे ३८५ मीटर भरते. किनाऱ्याच्या पट्ट्याला 'आर्मोर' आणि आतल्या रानाच्या प्रदेशाला 'आर्गोआत' म्हणतात. 'मोर' म्हणजे समुद्र, 'कोआत' म्हणजे रान.

समुद्र येथे केवढा चढतो-उतरतो, ते ईशान्येकडील सँ-मालो बंदरात पाहावे. मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत सुमारे १३ मीटरांचा, म्हणजे चार मजली इमारतीएवढा फरक पडतो! महासागरातून खाडीत शिरणाऱ्या भरतीच्या लाटेला कोतांतँचे द्वीपकल्प आडवे येते आणि उथळ जागेत पाणी वर चढते. जवळच्या रान्स नदीच्या मुखावर या पाण्याला कामाला लावले आहे. १९६६ साली तेथे बंधारा घालून वीजकेंद्र सुरू झाले. त्याची २४ जनित्रे कंदाच्या आकाराच्या पोलादी कवचांत बंद होऊन पाण्याखालीच फिरतात. एकूण क्षमता २४० मेगावॉट. २०११ पर्यंत भरतीच्या पाण्यावर चालणारे जगातले सर्वांत मोठे केंद्र हेच होते.

दक्षिण किनाऱ्यावर कार्नाक येथे तीन हजारांहून अधिक उभ्या शिळांच्या रांगा आहेत. त्यांतील जुन्या शिळा सुमारे साडेसहा हजार वर्षांपूर्वीच्या. २०२५ साली या परिसराची जागतिक वारशात नोंद झाली. अशा शिळेला पुरातत्त्वज्ञ 'मेनहिर' म्हणतात. हा शब्द ब्रेतॉन आहे : 'मेन' म्हणजे दगड, 'हिर' म्हणजे लांब. मात्र शिळा उभारणारे लोक ब्रेतॉन नव्हेत. ब्रेतॉन तेथे आले ते फार नंतर.

इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांत ब्रिटनच्या नैर्ऋत्य भागातील केल्टिक लोक समुद्र ओलांडून येथे आले. ब्रिटनी म्हणजे धाकटे ब्रिटनच. त्यामुळे ब्रेतॉन भाषेची सख्खी बहीण फ्रेंच नसून पलीकडच्या वेल्समधील वेल्श आहे. समुद्र, घर, पाव यांसाठी दोन्हींचे शब्द आजही जवळजवळ सारखेच आहेत. द्वीपकल्पाच्या पूर्व भागात मात्र लॅटिनपासून निघालेली गालो ही बोली आहे.

१५३२ साली हे स्वतंत्र सरदारराज्य फ्रान्समध्ये विलीन झाले. त्याने भाषेला लगेच धक्का बसला नाही. धक्का बसला तो शाळेमुळे. एकोणिसाव्या शतकात सर्वांना शिक्षण मिळू लागले, पण ते फ्रेंचमधून. वर्गात किंवा खेळताना ब्रेतॉन शब्द तोंडातून निघाला, की त्या मुलाच्या गळ्यात लाकडी जोडा किंवा तसलेच काही अडकवीत. दुसरा कोणी ब्रेतॉन बोलताना सापडला, की तो जोडा त्याच्या गळ्यात जाई. संध्याकाळी ज्याच्याकडे तो उरे, त्याला शिक्षा. म्हणजे मुलांनाच एकमेकांवर पाळत ठेवायला लावले होते. ही मुले मोठी झाली आणि आपल्या लेकरांशी फ्रेंच बोलू लागली. त्यांना दोष कसा द्यावा? १९५० च्या सुमारास सुमारे दहा लाख लोक ब्रेतॉन बोलत होते. २०२४ च्या पाहणीत जेमतेम एक लाख उरल्याचे दिसले, आणि त्यांतले बरेचसे वयस्क.

१९७७ साली काही पालकांनी फिनिस्तेरमधील एका खेड्यात पाच मुलांची बालशाळा काढली आणि तिला 'दिवान' हे नाव दिले. (आपल्या दिवाणाशी याचा काही संबंध नाही, 'दिवान' म्हणजे अंकुर.) तेथे गणितापासून खेळापर्यंत सारे ब्रेतॉनमधून चालते. आज या शाळांत सुमारे चार हजार मुले आहेत. २०२१ साली फ्रान्सच्या घटना परिषदेने सरकारी शिक्षणात अशी पूर्णपणे प्रादेशिक भाषेतून शिकवण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. दिवानच्या शाळा आजही चालू आहेत. मधल्या पिढीला ब्रेतॉन समजते, पण बोलता येत नाही. म्हणून काही घरांत नातवंडे आईशी फ्रेंच बोलतात आणि आजीशी ब्रेतॉन.