गाडीचा टचस्क्रीन काळा पडला? नवा बसवण्याआधी हे तपासा

गाडी सुरू होते, एसी लागतो, हॉर्न वाजतो, पण मधला स्क्रीन काळाच राहतो. किंवा कंपनीचा लोगो येतो, जातो, पुन्हा येतो आणि पुढे काहीच होत नाही. आटपाडीत अशी गाडी घेऊन ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलं, की 'सेटच गेलाय, नवा टाका' हा सल्ला लगेच मिळतो. कंपनीचा मूळ सेट बदलायचा तर खर्च हजारांच्या घरात जातो आणि अनेकदा त्यासाठी विटा, सांगली किंवा पंढरपूर गाठावं लागतं. तो खर्च करण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. स्क्रीन काळा दिसतो म्हणजे बिघाड स्क्रीनमध्येच आहे, असं नाही. त्याच्यामागे बॅटरी, फ्यूज, वायरिंग, सॉफ्टवेअर, केबल आणि मोबाइल अशी साखळी असते. तिची कुठलीही कडी तुटली, तरी दोष स्क्रीनच्या माथी जातो.

आधी नेमकं काय बंद आहे ते ओळखा

स्क्रीन काळा असताना स्टिअरिंगवरच्या बटणांनी आवाज वाढवून बघा. रेडिओ वाजत असेल तर वीज पोहोचते आहे आणि सेट जिवंत आहे. बिघाड डिस्प्लेत किंवा त्याच्या मागच्या प्रकाशात असू शकतो. त्याआधी सेटिंगमधून किंवा बटण चुकून दाबलं जाऊन स्क्रीन 'ऑफ' केलेला नाही ना, हेही बघा. असं होतं, आणि त्यासाठी लोक वर्कशॉपपर्यंत जातात. चित्रही नाही आणि आवाजही नाही, तर संशय विजेवर घ्या. चित्र आहे पण बोट लागत नाही, तर वर चिकटवलेली काच किंवा प्लास्टिकची गार्ड काढून बघा. स्वस्त गार्डखाली धूळ आणि ओल शिरली, की स्क्रीन आपोआप बटणं दाबायला लागतो.

मग रीस्टार्ट. बहुतेक सेटमध्ये पॉवरचं किंवा आवाजाचं बटण १० ते १५ सेकंद दाबून धरलं, की यंत्रणा नव्याने सुरू होते. नेमकं कुठलं बटण, ते गाडीच्या पुस्तकात असतं. बाहेरून बसवलेल्या अँड्रॉइड सेटवर टाचणी जाईल एवढं छिद्र असतं, तेही याच कामाचं. यात तुमची माहिती सहसा पुसली जात नाही. 'फॅक्टरी रीसेट' मात्र वेगळा. त्यात जोडलेले मोबाइल, रेडिओची स्टेशनं, सेव्ह केलेले पत्ते सगळं जातं. तो शेवटी करा.

फ्यूज आणि बॅटरी

फ्यूजच्या पेटीच्या झाकणावर किंवा पुस्तकात 'ऑडिओ', 'रेडिओ', 'एसीसी' असं लिहिलेलं असतं. गाडी बंद करून तो फ्यूज चिमट्याने काढा आणि उजेडाकडे धरा. आतली पट्टी तुटलेली दिसली तर तो गेला. लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. जितक्याचा निघाला तितक्याचाच बसवा. मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालून काम भागवण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे, पण त्यात फ्यूजऐवजी वायर तापते आणि गाडी पेटू शकते. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर कुठेतरी शॉर्ट आहे. तिथून पुढे वायरमनचं काम.

बॅटरीचा मुद्दा आपल्या भागात जास्त महत्त्वाचा आहे. आटपाडी, खानापूर, विटा या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं गलाईच्या धंद्यासाठी देशभर विखुरलेली आहेत. गावच्या घरी झाकून ठेवलेली गाडी दिवाळीला किंवा खरसुंडीच्या यात्रेलाच बाहेर निघते. उभ्या गाडीचीही बॅटरी थोडी थोडी उतरत राहते. चांगली बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी रिकामी. इंजिन सुरू असताना आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान हवा. स्टार्टर मारताना व्होल्टेज क्षणभर खाली जातं, कमजोर बॅटरीत ते इतकं पडतं की स्क्रीन लोगोवरच अडकतो. वायरमनकडे मल्टिमीटर असतोच, दोन मिनिटांची तपासणी आहे. तिथे बॅटरी बदलायची गरज असताना लोक सेट बदलून येतात.

बाहेरचा सेट असेल आणि गाडी बंद केली की दरवेळी घड्याळ व स्टेशनं पुसली जात असतील, तर मागची जोडणी बघा. साधारणपणे पिवळी वायर कायम विजेची, लाल चावीवरची आणि काळी अर्थची. पिवळी आणि लाल उलटसुलट लागली, की सेट रोज सगळं विसरतो. वायर बदलण्याचं काम, सेट बदलण्याचं नाही.

ऊन

माणदेशातल्या उन्हाळ्याला हा धडा वेगळा लागतो. अमेरिकेतल्या ॲरिझोनात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ३८ अंशांवरच्या दिवशी तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांच्या आतली हवा सरासरी ४७ अंशांपर्यंत, तर डॅशबोर्ड ६९ अंशांपर्यंत तापल्याचं आढळलं. आपल्याकडचा एप्रिल-मे त्याहून फार वेगळा नसतो. गाडीच्या मूळ सेटची बनावट हे ऊन सोसण्याच्या हिशेबाने केलेली असते. स्वस्त सेटबद्दल तशी खात्री नाही. मोबाइल तर आणखी नाजूक, आयफोन वापरण्याची मर्यादाच कंपनीने ३५ अंश सांगितली आहे. त्यामुळे दुपारी स्क्रीन मंद झाला, अडखळला किंवा बंद पडला आणि संध्याकाळी आपोआप नीट झाला, तर तो बिघाड नसून उष्णता असण्याची शक्यता मोठी. काचा खाली करून गरम हवा जाऊ द्या, मग एसी लावा. लिंबाची सावली किंवा समोरच्या काचेला पडदा, एवढा उपाय बहुतेकांना पुरतो.

मोबाइल जोडला जात नाही, तर दहापैकी बहुतेक वेळा दोष केबलचा. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून डेटा जातच नाही. आखूड आणि चांगली केबल घ्या, यूएसबीच्या भोकातली धूळ कोरड्या ब्रशने काढा, दोन्हीकडची जुनी जोडणी पुसून नव्याने जोडा. मोबाइलचा बॅटरी सेव्हर बंद असू द्या.

सॉफ्टवेअर कधीकधी विचित्र रुसतं. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल परिसरात २०१४ ते २०१७ च्या काही माझदा गाड्यांचे स्क्रीन एकाच रेडिओ स्टेशनवर अडकले आणि पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होऊ लागले. स्टेशनने पाठवलेल्या चित्रांच्या फाइलींना नावाचं शेपूट नव्हतं, एवढंच कारण! त्याच महिन्यात अनेक होंडा गाड्यांची घड्याळं २००२ सालात गेली. असे दोष ना फ्यूज बदलून जातात, ना वायरमन काढू शकतो. त्याला कंपनीचं अपडेटच लागतं. म्हणून सर्व्हिसिंगला गाडी दिली की सॉफ्टवेअरची आवृत्ती तपासायला सांगा.

रिव्हर्स कॅमेरा बंद असेल तर थांबू नका

गाणी बंद पडली तर गैरसोय, कॅमेरा बंद पडला तर धोका. २०२१ मध्ये टेस्लाने अमेरिकेत सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलावल्या. मेमरीची चिप झिजून स्क्रीन बंद पडत होता आणि त्याबरोबर मागचा कॅमेराही जात होता. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना रिव्हर्स पार्किंगचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची आहे, कॅमेरा नाही. पण काही गाड्यांत त्या सेन्सरचा बीपही याच सेटमधून येतो. स्क्रीन बंद असताना रिव्हर्स टाकून बीप येतो का, हे आजच बघा. येत नसेल, तर अंगणात पोरं किंवा शेरडं असतील तिथे एक माणूस मागे उभा केल्याशिवाय गाडी मागे घेऊ नका.

तपासणी सोपी आहे. रिव्हर्स टाकल्यावर मागचा पांढरा दिवा लागतो का? नसेल लागत, तर बल्ब, फ्यूज किंवा गिअरचा स्विच बघा. दिवा लागतो पण चित्र नाही, तर डिकीच्या बिजागरीजवळची वायर बघा. झाकण उघडबंद होऊन ती तिथेच तुटते. चित्र धूसर असेल तर आधी लेन्सवरचा चिखल पुसा.

गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर वायर कापू देऊ नका. त्या कारणावरून दावा नाकारला जाऊ शकतो. बिघाड येतो-जातो स्वरूपाचा असला, की सर्व्हिस सेंटरमध्ये नेमका तेव्हाच तो दिसत नाही आणि 'गाडी ओके' असा शेरा मिळतो. म्हणून बिघाड होताना शेजारी बसलेल्याला व्हिडिओ काढायला सांगा. तारीख, ऊन की सकाळ, कुठला मोबाइल जोडला होता, हेही टिपून ठेवा. दरवेळी तक्रार जॉब कार्डवर लिहून घ्या आणि प्रत ठेवा. वारंवार दुरुस्ती होऊनही सेट चालत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे गाडी पुण्यात घेतली असली तरी सांगलीत दाद मागता येईल. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं.