सुई टोचण्याआधी

आमवात म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटणं. माझ्या बोटांची सूज आटोक्यात आहे ती अडालिमुमॅब या औषधामुळे. सूज भडकवणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाला ते अडवतं. 2014 साली त्याची भारतीय बनावटीची आवृत्ती बाजारात आली.

पण हेच टीएनएफ शरीरात दबा धरून बसलेल्या क्षयाच्या जंतूंना डांबून ठेवतं. म्हणून पहिल्या डोसआधी डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे, क्षयाची चाचणी आणि हिपॅटायटिस बीची तपासणी करून घेतली. खर्च वाढला, तरी हे टाळू नये.

दर पंधरवड्याला 40 मिलिग्रॅम. औषध 2 ते 8 अंशांत ठेवायचं. फ्रीझरमध्ये मुळीच नाही, गोठलं की फेकायचंच. मी सिरिंज अर्धा तास आधी बाहेर काढते. गरम पाण्यात बुडवत नाही. औषध गढूळ दिसतंय का, मुदत संपली का, ते पाहते. मग मांडी, नाहीतर बेंबीपासून दोन इंच सोडून पोट. दर वेळी जागा बदलून. स्पिरिट वाळू द्यायचं, कातडी चिमटीत धरायची, नंतर चोळायचं नाही. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या डब्यात.

ताप, चिघळलेली जखम किंवा रेंगाळणारा खोकला असेल तर आधी डॉक्टरांना फोन, डोस त्यांना विचारूनच. कुठलीही लस घेण्याआधीही हे औषध चालू असल्याचं सांगा. जिवंत जंतूंच्या लशी आम्हाला चालत नाहीत.