पित्याची शपथ आणि अपत्याचे नागरिकत्व

अमेरिकेत स्थायिक झालेल्या परदेशस्थ गृहस्थाने न्यायासनासमोर उजवा हात उंचावून निष्ठेची शपथ घ्यावी, आणि त्याच क्षणी, त्या वेळी कोठे तरी शाळेच्या बाकावर गणिते सोडवीत बसलेली त्याची अज्ञान कन्या, कोणताही अर्ज न करता व एकही अक्षर न उच्चारता त्या राष्ट्राची नागरिक होऊन जावी, हा व्यवहार आज इतका स्वाभाविक वाटतो की त्याच्यामागे दोन शतकांहून अधिक काळाचे कायदे आणि कज्जे उभे आहेत, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

या परंपरेचा उगम १७९० च्या कायद्यात आहे. नागरिकत्व केवळ स्वतंत्र गौरवर्णीय इसमांनाच देणाऱ्या त्या कायद्याने, अशा इसमाची एकवीस वर्षांखालील जी अपत्ये अमेरिकेत राहत असतील तीही नागरिक मानली जावीत, असे ठरवून टाकले. व्यवहारात पाहिले जाई ते पित्याचेच राष्ट्रीयत्व; १८५५ नंतर तर परदेशी स्त्रीला पतीच्या नागरिकत्वामुळेच नागरिकत्व मिळू लागले.

परंतु ‘अमेरिकेत राहणे’ म्हणजे काय, या प्रश्नाने कित्येक कुटुंबांची दैवे फिरवली. तुर्कस्तानातून येऊन १८९६ मध्ये नागरिक झालेल्या झार्टारियन नामक गृहस्थाची अज्ञान कन्या १९०५ मध्ये बोस्टनच्या बंदरात उतरली, तेव्हा डोळ्यांत खुपरी असल्याच्या कारणाने तिला अडविण्यात आले. आणि पिता नागरिक असला तरी कन्येने या भूमीवर कधी वास केलेला नाही, सबब ती परदेशीच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९०७ मध्ये दिला. त्याहून विलक्षण कॅप्लान खटला. १९१४ मध्ये एलिस बेटावर प्रवेश नाकारलेल्या एका मुलीला महायुद्धामुळे परत धाडता आले नाही. तिला एका ज्यू साहाय्यक संस्थेच्या हवाली करण्यात आले, व ती वर्षानुवर्षे पित्याच्या घरी राहिली. १९२० मध्ये पिता नागरिक झाला. तथापि १९२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होम्स यांनी ठरविले की कायद्याच्या दृष्टीने ती अद्याप सरहद्दीवरच उभी आहे. होम्स यांच्या बुद्धीविषयी आदर बाळगूनही, पित्याच्या घरात वाढलेल्या मुलीला वेशीबाहेर उभी कल्पिणारी ही न्यायबुद्धी मला अद्याप पचलेली नाही.

आपल्या लोकांना तर हे दारच बंद होते. १९२३ च्या भगतसिंग थिंद खटल्यात भारतीय हे ‘गौरवर्णीय’ नव्हेत असा निकाल लागला. थिंद यांची बाजू मांडणारे वकील सखाराम गणेश पंडित स्वतः अमेरिकेचे नागरिक होते. पुढे सरकारने त्यांचेही नागरिकत्व रद्द करविण्याचा खटाटोप केला, पण तो सिद्धीस गेला नाही. ज्यांना स्वतःलाच नागरिकत्व नाही त्यांची अपत्ये ते वारशाने कोठून मिळविणार? १९४६ मध्ये भारतीयांना हा हक्क मिळाला, १९५२ मध्ये वर्णाची अट समूळ गेली, आणि १९६५ च्या कायद्यानंतर मराठी कुटुंबे तिकडे खऱ्या अर्थाने जाऊ लागली.

दरम्यान १९३४ मध्ये मातेच्या नागरिकत्वाला पित्याच्या बरोबरीचे स्थान मिळाले होते. मात्र १९४० व १९५२ च्या कायद्यांनी सामान्यतः आईवडील दोघेही नागरिक होणे आवश्यक ठरविले. एकानेच नागरिक होणे पुरावयाचे ते मुख्यतः दुसरा मृत्यू पावला असल्यास किंवा कायदेशीर विभक्ततेनंतर मुलाचा ताबा त्याच्याकडेच असल्यास. विभक्ततेचा दस्तऐवज नाही म्हणून हक्क गमावलेली माणसे न्यायालयांच्या दप्तरांत पदोपदी भेटतात.

२००० च्या कायद्याने ही गुंतागुंत पुष्कळशी सोडविली. आईवडिलांपैकी एक नागरिक, अपत्य अठरा वर्षांखालील, त्याच्या ताब्यात अमेरिकेत राहणारे व कायम वास्तव्याच्या परवान्याने रीतसर प्रवेश मिळालेले, या अटी एकाच वेळी पूर्ण झाल्या की झाले. दत्तक अपत्यांनाही हाच नियम. शेवटच्या अटीत मात्र कॅप्लान खटल्याची सरहद्द अजून जिवंत आहे. हा कायदा २७ फेब्रुवारी २००१ रोजी अमलात आला, आणि त्या दिवशी ज्यांची अठरा वर्षे पूर्ण झाली होती ते सारे त्याच्या कक्षेबाहेर राहिले. परदेशातून दत्तक आणलेल्या मुलांसाठी पालकांनी पूर्वी वेळीच अर्ज केला नाही, म्हणून प्रौढपणी, जिची भाषाही अवगत नाही अशा जन्मभूमीस हद्दपार झालेली माणसे आहेत. चूक पालकांची, शिक्षा अपत्यास.

हे नागरिकत्व आपोआप मिळते खरे, परंतु त्याचा दाखला आपोआप मिळत नाही. परिणामी आपण आधीच नागरिक आहोत हे न कळता, प्रौढपणी नागरिकत्वासाठी स्वतंत्र अर्ज करणारेही आढळतात. अपत्याला मात्र या साऱ्यात कोणी काही विचारीत नाही. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसारही, एखाद्याने घोषणापत्राने भारतीय नागरिकत्वाचा त्याग केला की त्याची अज्ञान अपत्येही ते गमावतात. परंतु सज्ञान झाल्यापासून एका वर्षाच्या आत तशी घोषणा करून ते परत घेण्याची मुभा त्याच कायद्यात ठेवलेली आहे.