नागरवाड्यातील घरगुती गॅस आणि गळतीदर्शक यंत्राचा वापर

प्रस्तावना :

बडोदे शहरात घरोघरी नळाने गॅस देण्याचे काम महानगरपालिकेने १९७२ साली हाती घेतले. आज हा पुरवठा महानगरपालिका व गेल गॅस यांनी मिळून २०१३ साली स्थापन केलेल्या वडोदरा गॅस लिमिटेड या कंपनीकडे आहे. नागरवाड्यासारख्या जुन्या, भिंतीला भिंत लागून असलेल्या वस्तीत एका घरी नळाचा गॅस तर शेजारी बाटला असणे नवलाचे नाही. बाहेरून दोन्ही शेगड्या सारख्याच दिसतात. परंतु गळती झाली म्हणजे हे दोन गॅस अगदी उलट वागतात. गळतीदर्शक यंत्र विकत घेताना व ते वाजल्यावर काय करावयाचे हे ठरविताना हाच फरक ध्यानात घ्यावा लागतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

नाकावर किती विसंबावे?

नळाचा गॅस मुख्यतः मिथेन असतो. त्याला स्वतःचा वास नसतो. बाटल्यातील गॅसही जवळजवळ वासरहितच असतो. आपल्याला येणारा उग्र दर्प हा त्यात मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टन वर्गातील द्रव्याचा असतो. १९३७ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन येथील शाळेत जमिनीखालच्या पोकळीत वास नसलेला गॅस साचला व एका विजेच्या यंत्राच्या ठिणगीने स्फोट झाला. सुमारे ३०० जण, बहुतेक मुले, दगावली. त्यानंतर गॅसला वास देण्याची सक्ती होऊ लागली.

तथापि वास हा पुरेसा पहारेकरी नाही. नाक काही मिनिटांत वासाला सरावते. वृद्धांचे व सर्दी झालेल्यांचे नाक मंद असते. झोपलेल्या माणसाला वासाने जाग येईलच असे नाही. शिवाय रस्त्याखालच्या नळीतून गळलेला गॅस मातीतून झिरपत घरात आला, तर माती त्यातील वासाचे द्रव्य शोषून घेऊ शकते. यंत्राची गरज येथे आहे.

आकडा काय सांगतो?

मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला तरच पेट घेतो. पाच टक्के ही त्याची खालची स्फोटमर्यादा. यंत्रावरील टक्के बहुधा या मर्यादेचे असतात, हवेचे नव्हेत. म्हणजे यंत्र '१०' दाखविते तेव्हा हवेत गॅस अर्धा टक्का असतो. घरगुती यंत्रे सामान्यतः १० ते २० च्या आसपास गजर करतात. गजर झाला याचा अर्थ स्फोट होणारच असा नसून हातात अजून थोडा वेळ आहे असा होतो.

तो किती? तीन मीटर लांब, रुंद व उंच असे बंद स्वयंपाकघर धरू. त्याचे आकारमान २७ घनमीटर. न पेटलेल्या एका बर्नरमधून तासाला सुमारे ०.२ घनमीटर गॅस सुटतो असे मानल्यास, गॅस सर्वत्र सारखा मिसळला तर १० हा आकडा गाठण्यास सुमारे ४० मिनिटे लागतील. प्रत्यक्षात गॅस सारखा पसरत नाही. छताजवळ तो आधी दाट होतो. बाटल्यातील गॅसची खालची मर्यादा तर सुमारे २ टक्केच आहे. याच खोलीत सव्वा किलोच्या आत गॅस सुटला तरी ती गाठली जाते, आणि भरलेल्या बाटल्यात १४.२ किलो असतो.

यंत्र कोठे बसवावे?

मिथेन हवेहून हलका असल्याने वर चढतो. बाटल्यातील गॅस दीडपट ते दुप्पट जड असल्याने जमिनीवर पसरून मोरीत, जिन्याखाली, खालच्या मजल्यावर उतरतो. म्हणून नळाच्या गॅससाठी यंत्र छतापासून एक वीत ते फूटभर खाली, बाटल्यासाठी जमिनीपासून फूटभर उंचीवर लावावे. थेट शेगडीवर, खिडकीशी किंवा पंख्याच्या झोतात लावू नये. मिथेनसाठी जुळविलेले यंत्र बाटल्याचा गॅस खऱ्यापेक्षा कमी दाखवू शकते. खरेदीच्या वेळी हे विचारून घ्यावे.

स्वस्त यंत्रे अत्तराचा फवारा, स्पिरिट, फोडणीची वाफ यांनीही वाजतात. त्यामुळे कंटाळून तार काढून ठेवली जाते. यंत्राचे खोटे वाजणे त्रासदायक खरे, पण तार काढणे हा त्यावरचा इलाज नव्हे. जागा बदलून पाहावी. यंत्रावरचे चाचणीचे बटण केवळ घंटा व मंडल तपासते. संवेदक जिवंत आहे की नाही हे चाचणीच्या गॅसनेच कळते. संवेदकाचे आयुष्यही साधारण पाच वर्षे असते. आणखी एक : हे यंत्र कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही. न्हाणीघरातील गॅस गीझरचा धोका त्याने टळत नाही.

गजर झाल्यावर :

प्रथम ज्योत विझवावी. दिव्याचे बटण चालूही करू नये, बंदही करू नये. ठिणगी दोन्ही वेळा पडते. गॅस बाहेर काढण्यासाठी पंखा लावणे ही नेहमीची व घातक चूक आहे. शेगडीजवळचा कॉक किंवा बाटल्याचा रेग्युलेटर बंद करावा. दारे-खिडक्या उघडाव्यात. मुले व वृद्ध यांना घेऊन बाहेर पडावे. शेजाऱ्यांना घंटी न वाजविता हाक मारून किंवा दार ठोठावून सांगावे. सामाईक भिंतींच्या घरांत हे विशेष महत्त्वाचे. फोन बाहेर मोकळ्या जागी गेल्यावरच करावा : बाटल्यासाठी १९०६, नळाच्या गॅससाठी बिलावर छापलेला आपत्कालीन क्रमांक, आग लागल्यास १०१ किंवा ११२. बाटला असेल तर खालच्या मजल्यावरील कुटुंबास आधी सावध करावे. नळाचा गॅस असेल तर वरच्या.

गळती काडी पेटवून शोधू नये. ते काम साबणाच्या पाण्याचे. गजर थांबला म्हणून लगेच आत जाऊ नये. काही संवेदकांना मोजण्यासाठी प्राणवायू लागतो. गॅस फार दाट झाल्यास त्यांचा आकडा वर जाऊन पुन्हा शून्याकडे घसरतो. आत जाण्यापूर्वी कंपनीच्या माणसाने आपल्या यंत्राने खोली तपासलेली असावी.